वयाचा प्रश्न उशिरा विचारला गेला तेव्हा: फाशीच्या एका प्रकरणाचा अभ्यास

मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीच्या एका कैद्याला तात्काळ सोडून देण्याचा आदेश दिला. त्याची फाशी याच न्यायालयाने २००० साली कायम केली होती. मधल्या काळात खुनाचा तपास नव्याने झाला नव्हता, कुणी साक्ष फिरवली नव्हती, खरा गुन्हेगार दुसराच निघाला असंही काही घडलं नव्हतं. नव्याने सिद्ध झाली ती एकच गोष्ट: गुन्हा घडला त्या दिवशी तो १२ वर्षं ६ महिन्यांचा होता.

निकाल सर्वांना उपलब्ध आहे आणि त्यात नावंही आहेत. तरी इथे माणसाचं, शहराचं, गावाचं नाव दिलेलं नाही. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे, आणि न्यायालयानेच त्याला गुन्ह्याच्या दिवशीचं मूल ठरवलं आहे. त्याला इथे 'क' म्हणू. ज्या कुटुंबातली माणसं मारली गेली त्यांचंही नाव घेतलेलं नाही. त्यांच्या वाट्याला काय आलं, याचा विचार पुढे केला आहे.

पार्श्वभूमी

ऑगस्ट १९९४. महाराष्ट्रातल्या एका शहरात एकाच घरातल्या सात जणांचा दरोड्यासाठी खून झाला. त्यात पाच बायका आणि दोन मुलं होती. एक बाई गरोदर होती. शहर हादरलं. काही दिवसांतच तिघं पकडले गेले. त्यातला एक माफीचा साक्षीदार झाला आणि उरलेल्या दोघांवर खटला चालला. 'क' त्या दोघांपैकी एक, परराज्यातल्या खेड्यातून पोटापाण्यासाठी आलेला.

फेब्रुवारी १९९८ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना फाशी सुनावली. जुलै १९९९ मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि सप्टेंबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुनर्विलोकन याचिकाही, म्हणजे त्याच न्यायालयाला निकाल पुन्हा तपासायची केलेली विनंतीही, फेटाळली गेली. अटकेपासून जेमतेम सहा वर्षांत तीन न्यायालयांची पायरी चढून झाली होती. फाशीच्या खटल्याच्या मानाने हा वेग बराच म्हणायचा.

या तिन्ही पायऱ्यांवर 'क' अल्पवयीन होता असा दावा झाला नाही. कागदोपत्री त्याचं वय वीस-बावीसच्या घरात होतं आणि तेच पुढे चालत राहिलं. पोलिसांच्या कागदातून ते न्यायालयाच्या कागदात आलं, तिथून निकालपत्रात. प्रत्येक टप्प्यावर ते आधीच्या टप्प्यावर होतं म्हणून खरं मानलं गेलं.

त्या दिवशीचा कायदा काय होता

अनेकांचा समज असा, की नंतर कायदा मवाळ झाला आणि त्याचा फायदा 'क'ला मिळाला. ही समजूत दुरुस्त करायला हवी, कारण तिच्यामुळे सगळं प्रकरणच उलटं दिसतं.

१९९४ साली बाल न्याय कायदा, १९८६ लागू होता. त्यात मुलग्यांसाठी मर्यादा १६ वर्षांची आणि मुलींसाठी १८ वर्षांची होती. कलम २२ सरळ सांगत होतं: अशा मुलाला फाशी देता येणार नाही आणि तुरुंगवासही देता येणार नाही. साडेबारा वर्षांचा मुलगा या मर्यादेच्या खूप आत होता. २००० सालच्या कायद्याने मुलग्यांची मर्यादाही १८ वर नेली हे खरं, पण 'क'ला त्या वाढीव मर्यादेची गरज नव्हती. गुन्ह्याच्या दिवशी, अटकेच्या दिवशी आणि शिक्षेच्या दिवशी लागू असलेल्या कायद्यानेच त्याची फाशी बेकायदा होती. त्याआधी १९९२ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला होता. त्याच्या ३७व्या कलमात अठरा वर्षांखालच्या गुन्ह्यांसाठी मृत्युदंडाला मनाई आहे.

भारतीय दंड संहितेतली वयाची पायरी त्याहून जुनी होती. तिच्या कलम ८२ नुसार सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा ठरत नव्हतं. सात ते बारा या वयात, केलेल्या कृत्याचं स्वरूप आणि परिणाम कळण्याइतकी समज मुलाला आली होती का, हे कलम ८३ नुसार पाहावं लागत होतं. 'क' सात महिन्यांनी लहान असता तर गुन्हा घडला की नाही याच्याच आधी हा प्रश्न आला असता. इतकं ते वय लहान होतं.

आता सगळ्यात बोचणारी गोष्ट. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गोपीनाथ घोष विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दंडाधिकाऱ्यांसाठी नियम घालून दिला होता. समोर उभा केलेला आरोपी २१ वर्षांचा किंवा त्याहून लहान वाटला, तर पुढे जाण्याआधी त्याच्या वयाची चौकशी करायची. २१ हा आकडा विचारपूर्वक ठरवलेला होता. नजरेचा अंदाज चुकतो हे गृहीत धरून मर्यादेच्या वर काही वर्षांची मोकळी जागा सोडली होती. 'क'चं वय कागदावर वीस-बावीस लिहिलं होतं. म्हणजे चुकीचं लिहिलेलं वयसुद्धा ही चौकशी सुरू व्हायला पुरेसं होतं, आणि नियम घालून दिल्याला तेव्हा दहा वर्षं झाली होती.

अडचण नेमकी कुठे होती

फाशीच्या खटल्यात बहुतेक गोष्टी तोलून ठरवाव्या लागतात. गुन्हा किती क्रूर, आरोपी सुधारेल का, प्रकरण दुर्मिळातलं दुर्मिळ आहे का, यावर दोन न्यायाधीशांचं दुमत होऊ शकतं. गुन्ह्याच्या वेळचं वय मात्र तोलायची गोष्ट नाही. मर्यादेखालच्या मुलाला फाशी देण्याचा अधिकारच न्यायालयाला नाही, गुन्हा कितीही भीषण असो. त्यामुळे वय ही इतर दहा मुद्द्यांसारखी एक सवलत मानली की गोंधळ सुरू होतो. अधिकार आहे की नाही हे आधी पाहायचं असतं.

तरीही ते शोधायचं काम कुणाच्याच अंगावर पडत नाही. अटकेच्या कागदावर 'वय' हा रकाना असतो. तो कसा भरला जातो हे फौजदारी न्यायालयात वावरणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. हवालदार आरोपीला विचारतो किंवा त्याच्याकडे बघतो आणि 'अंदाजे' लिहून आकडा टाकतो. त्याच्या खाली 'धंदा: मजुरी'. हा आकडा कुठून आला, आरोपीने सांगितला की पाहून लिहिला, कुठला कागद पाहिला का, यासाठी जागाच ठेवलेली नसते. पुढे आरोपपत्रात 'अंदाजे' हा शब्द गळतो आणि आकडा तेवढा राहतो.

आणि दावा करायचा कुणी? ज्याला करायचा तो घरापासून शेकडो किलोमीटर दूर असतो, कोठडीत असतो, त्याच्याकडे जन्माचा दाखला नसतो, आणि मूल असेल तर आपलं वय हाच आपला बचाव आहे हे त्याला कळायचं काही कारण नसतं. वकील सरकारने दिलेला असेल तर आरोपीशी त्याची भेट बहुधा तारखेच्या दिवशी, न्यायालयाच्या व्हरांड्यात. बचाव सगळा ओळखपरेड, जप्ती आणि माफीच्या साक्षीदाराच्या उलटतपासणीवर उभा राहतो. परराज्यातल्या एखाद्या खेड्यातल्या शाळेत जाऊन रजिस्टर बघून या, असं कोण कुणाला सांगणार?

सगळ्या शहराला हादरवणाऱ्या खुनात तर वयाचा विषय काढणंही अवघड होतं. सात जणांच्या खुनाचा आरोपी 'मूल' आहे असं म्हणणारा वकील सगळ्यांच्या रोषाला पात्र ठरतो. कायद्याने वयाची चौकशी कुणाच्या मर्जीवर सोडायला नको होती, ती याचसाठी.

२००५: हाडं काय सांगू शकतात

तुरुंगात असताना २००५ साली 'क'ची वैद्यकीय तपासणी झाली. हाडांच्या चाचणीचा निष्कर्ष होता: वय बावीसपेक्षा जास्त, चाळीसपेक्षा कमी.

हा निष्कर्ष चुकीचा नव्हता, निरुपयोगी होता. शाळेच्या नोंदीप्रमाणे 'क' तेव्हा तेवीस वर्षांचा होता आणि तेवीस हा आकडा या पट्ट्यात बसतो. तिशीतला माणूसही त्यात बसतो. लांब हाडांची टोकं वाढीच्या वयात मूळ हाडाला जुळत जातात, आणि मनगट, कोपर, कंबरेचं हाड अशा ठिकाणी ती कुठवर जुळली आहेत हे क्ष-किरणात पाहून वय काढतात. चौदा-पंधराच्या मुलाबाबत ही चाचणी काहीतरी सांगते. तिथेही दोन वर्षं इकडे-तिकडे धरावी लागतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच जया माला प्रकरणात मान्य केलं होतं. विशी ओलांडली, हाडं जुळून झाली, की वाचायला खुणाच फारशा उरत नाहीत. गुन्ह्यानंतर अकरा वर्षांनी काढलेला क्ष-किरण अकरा वर्षांपूर्वीचा मुलगा दाखवू शकत नाही.

हीच चाचणी सप्टेंबर १९९४ मध्ये, अटकेच्या आठवड्यात झाली असती तर? साडेबारा आणि वीस-बावीस यांतला फरक तिने नक्की दाखवला असता. दोन वर्षांची चूक धरूनही मुलगा मर्यादेच्या आतच राहिला असता. एका क्ष-किरणाने पुढचं सगळं टळलं असतं. या प्रकरणातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठं वळण तेच होतं.

समोर असलेले पर्याय

पुनर्विलोकन फेटाळल्यावर फाशीच्या कैद्याकडे मोजकेच मार्ग उरतात. 'क'च्या बाजूने पुढे मृत्युदंडाच्या कैद्यांसाठी काम करणारे वकील उभे राहिले. त्यांच्यासमोर आणि त्याच्यासमोर काय काय होतं, ते पाहू.

पहिला मार्ग दयेच्या अर्जाचा. राज्यघटनेच्या कलम ७२ खाली राष्ट्रपती फाशी बदलू शकतात. त्याच गुन्ह्यातल्या दुसऱ्या दोषीची फाशी २०१६ मध्ये अशीच जन्मठेपेत बदलली गेली. पण 'क'साठी हा मार्ग अर्धवट होता. दयेत शिक्षा कमी होते, दोष आणि बेड्या तशाच राहतात. मुलाला जन्मठेपही देता येत नसेल, तर फाशीची जन्मठेप करून घेणं म्हणजे एक बेकायदा शिक्षा देऊन दुसरी घेणं. शिवाय दया मागताना वय हा करुणेचा मुद्दा होतो, हक्काचा राहत नाही.

दुसरा मार्ग विलंबाचा. शत्रुघ्न चौहान प्रकरणात जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की दयेच्या अर्जावर अवाजवी उशीर झाला तर फाशी रद्द होऊन जन्मठेप होऊ शकते. त्याचाही शेवट जन्मठेपेतच.

तिसरा मार्ग पुनर्विलोकन पुन्हा उघडण्याचा. पूर्वी पुनर्विलोकन याचिका न्यायाधीशांच्या दालनात, वकिलांचं न ऐकता निकाली निघायच्या. सप्टेंबर २०१४ मध्ये मोहम्मद आरिफ प्रकरणात घटनापीठाने ठरवलं, की फाशीच्या प्रकरणात निदान खुल्या न्यायालयात ऐकून घ्यायचं. त्यामुळे जुन्या फायली पुन्हा उघडण्याची सोय झाली.

चौथा मार्ग थेट बाल न्याय कायद्याचा, आणि तोच खरा होता. २००० च्या कायद्यात २००६ साली कलम ७-अ घालण्यात आलं आणि २०१५ च्या कायद्यात तीच तरतूद कलम ९(२) म्हणून आली. अल्पवयीन असल्याचा दावा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, खटला अखेरचा निकाली निघाल्यावरसुद्धा करता येतो. उशीर झाला म्हणून तो फेटाळता येत नाही. २०१२ मध्ये अबुझर हुसेन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यात एक अट स्पष्ट केली: दावा नुसता तोंडी नको, चौकशी सुरू करण्याइतका तरी कागद सोबत हवा.

२०१८ मध्ये 'क'ने कलम ९(२) खाली अर्ज केला, तो जुन्याच पुनर्विलोकनाच्या प्रकरणात. म्हणजे तिसरा आणि चौथा मार्ग एकत्र आले. दया न मागता हक्काने मागायचं हे ठरवणं धाडसाचं होतं. दावा फसला असता तर त्याची छाया पुढच्या दयेच्या अर्जावरही पडली असती.

शाळेचं रजिस्टर

जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वयाची चौकशी खटला चाललेल्या जिल्ह्याच्या प्रधान जिल्हा व सत्र न्यायाधीशांकडे सोपवली. अर्ज शिळा म्हणून झटकून टाकणं सोपं होतं, स्वतःच कागद बघून मत बनवणंही शक्य होतं. साक्षी-पुरावा घेणाऱ्या न्यायालयाकडे प्रश्न पाठवला हे योग्यच झालं. रजिस्टरचा खरेपणा दिल्लीत बसून ठरत नाही.

२०१५ च्या कायद्याच्या कलम ९४ मध्ये कोणत्या पुराव्याला आधी विचारायचं याचा क्रम दिला आहे. पहिला शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा शालान्त प्रमाणपत्र. ते नसेल तर महानगरपालिका, नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची किंवा तत्सम वैद्यकीय चाचणी. हा क्रम विचार करून घातला आहे, पण तो निर्दोष नाही. महाराष्ट्रात १ जून ही किती जणांची जन्मतारीख आहे ते आठवून पाहा. शाळेत घालताना मास्तरांनी अंदाजाने टाकलेली तारीख आयुष्यभर चिकटते. तरीही गुन्ह्याच्या कितीतरी आधी, मूल पहिलीत आलं तेव्हा, पुढच्या खटल्याची सुतराम कल्पना नसलेल्या माणसाने लिहिलेली नोंद हा या अवस्थेतला सर्वांत प्रामाणिक पुरावा असतो. त्या मास्तरांना खोटं लिहिण्याचं कारण नव्हतं.

रजिस्टर तपासायचं म्हणजे काय, हेही बघण्यासारखं आहे. जुन्या शाळांच्या रजिस्टरमध्ये अनुक्रमांक, मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, दाखल झाल्याची तारीख, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी असे रकाने असतात. चौकशी करणारा एकटी नोंद पाहत नाही. तो वरची आणि खालची नोंद पाहतो, अनुक्रमांक सरळ चाललेत का, शाई एकच आहे का, अंकी आणि अक्षरी तारीख जुळते का, खाडाखोड आहे का. शाळेतून मूळ वही घेऊन आलेल्या माणसाची साक्ष होते. मागाहून घुसडलेली नोंद बहुधा इथेच उघडी पडते.

'क'च्या बाबतीत अडथळा वेगळाच निघाला. शाळेतलं नाव आणि खटल्यातलं नाव एकच नव्हतं. गावाकडच्या बोलीतलं नाव एक, शहरात आल्यावर पोलिसांच्या कागदावर उतरलेलं दुसरं, अधिक 'शुद्ध' रूपातलं. राज्याने हाच मुद्दा धरला: शाळेच्या वहीतला मुलगा आणि तुरुंगातला कैदी एकच कशावरून? ही हरकत रास्त होती. इतक्या गंभीर प्रकरणात ती घेतली गेली नसती तर चौकशीत उणीव राहिली असती.

चौकशी न्यायाधीशांनी साक्षी-पुरावा पाहून दोन्ही नावांचा माणूस एकच असल्याचं ठरवलं आणि वय साडेबारा असल्याचा अहवाल २०१९ मध्येच पाठवला.

त्यानंतर अंतिम निकाल यायला जवळपास चार वर्षं गेली. जिल्हा न्यायाधीशांनी मूल ठरवलेला माणूस या काळात फाशीचा कैदी म्हणूनच राहिला. एकूण २८ वर्षांपुढे चार वर्षं कमी वाटतील, पण या चार वर्षांत उत्तर हातात होतं. ती मला सर्वांत जास्त खुपतात.

न्यायालयाने काय ठरवलं

मार्च २०२३ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने अहवाल स्वीकारला. शाळेचा दाखला विश्वासार्ह असल्याने हाडांच्या चाचणीकडे वळायचं कारण नाही, आणि नावातला फरक इतर पुराव्याने भरून निघतो, असं ठरलं.

एक प्रश्न मात्र सगळ्यांच्या मनात होता: साडेबारा वर्षांचा मुलगा असं करू शकतो? हा प्रश्न न्यायालयाने टाळला नाही. ही गोष्ट धक्का देणारी आहे, पण बालमानसशास्त्राचं किंवा गुन्हेशास्त्राचं ज्ञान आपल्याकडे नाही आणि अशा तर्काने निवाडा झाकोळू द्यायचा नाही, अशा अर्थाचं पीठाने लिहिलं. मला हा निकालातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. 'एवढं क्रूर कृत्य केलं म्हणजे मोठाच असणार' हा तर्क गोल फिरतो. त्याच्याने चाललं तर गुन्हा जितका भयंकर तितकं आरोपीचं वय वाढत जाईल, आणि कायद्याचं संरक्षण जिथे सर्वांत लागतं तिथेच संपेल.

२०१५ च्या कायद्यात १६ ते १८ वयाच्या मुलावर अघोर गुन्ह्यासाठी, प्राथमिक मूल्यमापन करून, प्रौढासारखा खटला चालवता येतो. तिथेही कलम २१ नुसार फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप देता येत नाही. साडेबारा वर्षांच्या मुलाला तो मार्गही लागू नाही. त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवता आलं असतं. 'क'ने २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता, त्यातला बहुतेक फाशीच्या छायेत. न्यायालयाने शिक्षा कायद्यानेच टिकत नसल्याचं सांगून त्याला लगेच सोडायला सांगितलं.

मागे राहिलेल्या कुटुंबाचं काय

या प्रकरणावर लिहिताना कुटुंबाचा उल्लेख एका ओळीत उरकण्याची पद्धत पडली आहे. ती मला मान्य नाही. ज्यांनी सात माणसं गमावली त्यांना तीन न्यायालयांनी सांगितलं, न्याय झाला. वीस-बावीस वर्षांनी सांगितलं, झाला तो न्याय नव्हताच. त्यांचा राग 'क'च्या वकिलांवर आणि निकालावर जाणं स्वाभाविक आहे. पण त्यांच्याशी खरी प्रतारणा १९९४ मध्ये झाली, वयाची चौकशी न करता खटला पुढे नेला तेव्हा. मुलाचं प्रकरण बाल न्यायालयाच्या मार्गाने गेलं असतं तर निकाल त्यांना अपुरा वाटला असता, कदाचित असह्यही. तरी तो निकाल टिकला असता आणि पुन्हा त्याच न्यायालयाच्या दारात उभं राहायची पाळी त्यांच्यावर आली नसती.

असं एकच प्रकरण आहे का

नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच आणखी एका माणसाला सोडलं. तोही १९९४ च्याच गुन्ह्यातला, गुन्ह्याच्या वेळी १४ वर्षांचा. त्याला आधी फाशी झाली होती. राष्ट्रपतींनी २०१२ मध्ये ती बदलली ती साठाव्या वर्षापर्यंत सुटका नाही या अटीवर. वयाचा मुद्दा त्याने पुन्हा पुन्हा मांडला होता, कागदही दिले होते, आणि दर वेळी तो नाकारला गेला. 'क'च्या बाबतीत दावा उशिरा झाला, या माणसाच्या बाबतीत वेळेवर होऊनही ऐकला गेला नाही. चूक न्यायालयांचीच होती, हे सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात मान्य केलं.

दुसरी बाजू अठरा वर्षांच्या वरची. १९८० च्या बच्चन सिंग निकालात घटनापीठाने शिक्षा सौम्य करणाऱ्या बाबींमध्ये वय घेतलं: आरोपी तरुण किंवा म्हातारा असेल तर फाशी देऊ नये. प्रत्यक्षात अठरा ते पंचवीसच्या आरोपींबाबत न्यायालयं एकसारखी वागलेली नाहीत. कुठे एकवीस हे कोवळं वय ठरतं, कुठे तेच वय 'समज येण्याइतकं' ठरतं. अठराव्या वाढदिवसाच्या एक दिवस आधी संरक्षण पूर्ण आणि एक दिवस नंतर ते न्यायाधीशाच्या नजरेवर, अशी ही रचना आहे. मे २०२२ मधल्या मनोज निकालाने शिक्षेआधी आरोपीची पूर्ण माहिती, त्यात लहानपण आणि घरची परिस्थितीही, राज्याने आणि न्यायालयाने गोळा करावी असं सांगितलं. ते मनापासून झालं तर शाळेचं रजिस्टर शिक्षेच्या दिवसाआधीच समोर येईल, वय कितीही असो.

वेगळं काय करता आलं असतं

वर म्हटल्याप्रमाणे पहिली जागा रिमांडची. पहिल्या रिमांडला दंडाधिकाऱ्याने दोनच प्रश्न विचारायचे होते: तुझी शाळा कुठली, आणि हे वय कुणी सांगितलं? उत्तर मिळालं नाही तर लगेच वैद्यकीय तपासणी. आजही हेच लागू आहे. वयाच्या रकान्यासमोर 'आधार काय' असा एक रकाना वाढवला तरी बरंच साधेल.

दुसरी जागा उच्च न्यायालयाची. फाशी कायम करायला प्रकरण तिथे आपोआप येतं, आरोपीने अपील केलं नाही तरी. अशा प्रत्येक प्रकरणात गुन्ह्याच्या वेळच्या वयावर सत्र न्यायालयाचा स्वतंत्र निष्कर्ष आहे का, हे आधी पाहायला हवं आणि नसेल तर प्रकरण तेवढ्यापुरतं परत पाठवायला हवं. पुरेशी फाइल समोर असून १९९९ मध्ये हे झालं नाही.

तिसरी जागा बचावाच्या वकिलाची. आरोपी पंचविशीच्या आतला आणि बाहेरगावचा असेल तर घरच्यांचा पत्ता आणि शाळेचं नाव पहिल्याच भेटीत लिहून घ्यायचं. शाळेचा दाखला मागवायला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत त्या जिल्ह्याच्या प्राधिकरणाला पत्र लिहिता येतं, स्वतः जावं लागत नाही. जुन्या शाळा बंद पडतात, विलीन होतात, रजिस्टरं वाळवीला जातात. म्हणून हे पत्र पहिल्या महिन्यातच गेलं पाहिजे.

शेवटची जागा भरपाईची. कायद्याच्या कमाल तीन वर्षांपलीकडे आणखी २५ वर्षं बेकायदा कोंडून ठेवलेल्या माणसाला काय द्यायचं, याचा कायदा आपल्याकडे नाही. त्याला तुरुंगाच्या दाराबाहेर सोडलं जातं आणि हिशेब तिथे संपतो. विधी आयोगाने २०१८ च्या आपल्या २७७व्या अहवालात चुकीच्या खटल्यांसाठी भरपाईचा कायदा सुचवला होता. त्याचा भर निरपराध माणसावर चालवलेल्या चुकीच्या खटल्यावर होता. 'क'सारखा माणूस, जो दोषी ठरला पण ज्याला ही शिक्षा देण्याचा अधिकार कुणालाच नव्हता, त्याच्यासाठी कायदा करायचा तर ती व्याख्या रुंदावावी लागेल.